हडसनच्या जहाजावरचा सुतार आणि त्याची साक्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सतराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी हेन्री हडसन याला त्याच्याच खलाशांनी बर्फाळ समुद्रात सोडून दिलं, ही गोष्ट बऱ्याच जणांनी वाचलेली असते. त्याच्याबरोबर मचव्यात उतरलेल्या जहाजावरच्या सुताराबद्दल मात्र फार कमी लिहिलं जातं. फिलिप स्टाफ हे त्याचं नाव. या प्रकरणाचा तपास लंडनच्या अ‍ॅडमिरल्टी कोर्टात, म्हणजे समुद्रावरच्या तंट्यांच्या आणि गुन्ह्यांच्या कोर्टात झाला. कोर्टाच्या कागदांत आणि सफरीच्या नोंदींत हा सुतार पुन्हा पुन्हा भेटतो, पण प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या तोंडून. त्याच्याविषयी आणि त्या काळात सुताराच्या साक्षीला असलेल्या किमतीविषयी वाचक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत.

हे प्रकरण थोडक्यात काय होतं?

१६१० च्या एप्रिलमध्ये 'डिस्कव्हरी' हे छोटं जहाज लंडनहून निघालं. अमेरिकेच्या उत्तरेकडून आशियाला जाणारा जवळचा जलमार्ग शोधायचा होता. सफरीला पैसा पुरवणाऱ्यांमध्ये सर थॉमस स्मिथ, सर डडली डिग्ज आणि जॉन वोल्स्टनहोम होते. यांतला स्मिथ ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता. ज्याला आज हडसन उपसागर म्हणतात त्यात जहाज शिरलं, आणि नोव्हेंबरात त्याच्या दक्षिण टोकाला बर्फात अडकलं. उपासमारीत आणि भांडणांत हिवाळा गेला. १६११ च्या जूनमध्ये बर्फ सुटल्यावर काही खलाशांनी बंड केलं. हडसन, त्याचा किशोरवयीन मुलगा जॉन आणि आणखी सात जण, असे एकूण नऊ जण एका मचव्यात बसवले आणि दोर कापला.

जहाजावर तेरा जण उरले. परतीच्या वाटेवर तिथल्या मूळ रहिवासी इन्युइट लोकांशी झालेल्या चकमकीत बंडाचे म्होरके हेन्री ग्रीन आणि विल्यम विल्सन यांच्यासह चौघे मेले. हडसनचा आधीचा सहायक रॉबर्ट ज्युएट आयर्लंड दिसण्याच्या सुमारास भुकेने गेला. आठ जण पोहोचले. आयर्लंडच्या किनाऱ्यावर अन्न मिळवण्यासाठी त्यांना जहाजाचा चांगला नांगर आणि दोरखंड गहाण टाकावा लागला.

जहाजावरच्या सुताराचं काम नेमकं काय असायचं?

लाकडी जहाज समुद्रावर रोज थोडं थोडं खिळखिळं होत असतं. फळ्या ताणल्या जातात, सांधे उघडतात, पाणी झिरपतं. तळाशी किती पाणी साठलंय हे सुतार सळई सोडून मोजायचा आणि कप्तानाला सांगायचा. पंप चालू ठेवणं, सांध्यांत जुन्या दोरखंडाचे उकललेले धागे ठोकून वर डांबर ओतणं, डोलकाठ्या आणि आडव्या काठ्या दुरुस्त करणं, होड्या बांधणं हे सगळं त्याच्याकडे. लढाई झाली तर तोफगोळ्याने पडलेली भोकं आतून लाकडी खुंट्या आणि शिशाचे पत्रे लावून बुजवणं हेही त्याचंच. साध्या खलाशापेक्षा त्याला पगार जास्त असे. दुसरा कोणी आजारी पडला तर त्याचं काम वाटून घेता यायचं, सुताराचं काम मात्र सुतारालाच जमायचं.

त्याच्या साक्षीला एवढं वजन का होतं?

कोर्टात येणारे बरेचसे तंटे शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबायचे: नुकसान समुद्राने केलं की माणसाने? माल भिजला तर व्यापारी म्हणायचा, जहाज निघतानाच गळकं होतं, भरपाई द्या. कप्तान म्हणायचा, जहाज भक्कम होतं, वादळापुढे इलाज चालला नाही. यात खरं काय हे सांगू शकणारा माणूस म्हणजे सुतार. सांधे शेवटचे कधी भरले, बंदर सोडताना तळाला किती पाणी होतं, वादळानंतर किती झालं, कोणती फळी कुजलेली होती, हे सगळं त्याने हाताने तपासलेलं असायचं.

डोलकाठी तोडण्याचंही तसंच. वादळात जहाज वाचवायला काठी तोडली किंवा माल समुद्रात टाकला, तर ते नुकसान जहाजमालक आणि मालाचे सगळे मालक यांनी मिळून सोसायचं, हा सागरी कायद्याचा फार जुना नियम आहे. पश्चिम युरोपातल्या दर्यावर्दींमध्ये मध्ययुगापासून चालत आलेल्या ओलेरॉनच्या नियमांत कप्तानाने आधी लोकांचा सल्ला घ्यावा असं सांगितलेलं आहे. किनाऱ्याला लागल्यावर कप्तानाने आपल्या काही खलाशांसह शपथ घ्यायची की हे जीव, जहाज आणि माल वाचवण्यासाठीच केलं. कुऱ्हाड चालवणारा बहुधा सुतार, म्हणून त्याच्या शब्दाला किंमत.

एक गोष्ट मात्र विसरू नये. सुतार तटस्थ नसायचा. जहाज बुडून भाडं मिळालं नाही तर खलाशांचा पगारही बुडायचा, असा त्या काळचा नियम होता. शिवाय जहाज गळलं तर पहिलं बोट सुताराच्या कामाकडेच जायचं.

अ‍ॅडमिरल्टी कोर्ट इतर कोर्टांपेक्षा वेगळं कसं होतं?

इंग्लंडच्या बाकीच्या कोर्टांत देशी रूढींवर वाढलेला कायदा चालायचा. अ‍ॅडमिरल्टीत रोमन कायद्याची परंपरा होती. तिथले वकीलही वेगळे, विद्यापीठात रोमन कायदा शिकून डॉक्टर झालेले. दिवाणी दाव्यात ज्युरी नसे. साक्षीदार भर कोर्टात उभा राहून बोलत नसे, त्याची जबानी बंद खोलीत लिहून घेतली जाई आणि न्यायाधीश ते कागद वाचून निकाल देई. एखादी गोष्ट पूर्ण सिद्ध व्हायला साधारणपणे दोन साक्षीदार लागत.

समुद्रावरच्या खून-दरोड्यांसाठी हीच पद्धत अडचणीची ठरली. १५३६ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत त्याचं कारण अगदी मोकळेपणाने दिलंय. रोमन कायद्यानुसार आरोपीने कबुली तरी द्यायला हवी, आणि ती तो छळ केल्याशिवाय देणार नाही, किंवा प्रत्यक्ष पाहणारे निःपक्ष साक्षीदार तरी हवेत. पण समुद्रावरचे गुन्हेगार साक्षीदारांनाच मारून टाकतात, आणि जे उरतात ते दर्यावर्दी, एका जागी न टिकणारे. म्हणून अशा गुन्ह्यांसाठी खास आयोग नेमून, ज्युरीसमोर, देशी कायद्याने खटला चालवायचं ठरलं. हडसन प्रकरणाला या दोन्ही पद्धती लागल्या: आधी बंद खोलीतल्या जबान्या, मग काही वर्षांनी ज्युरी.

जबानी कशी घेतली जायची? कागदावर जे आहे ते साक्षीदाराचेच शब्द का?

फिर्यादीचे मुद्दे क्रमांक घालून लिहिलेले असत आणि विरुद्ध बाजू आपले प्रश्न लिहून देई. साक्षीदाराला शपथ देऊन कारकून एकेक मुद्दा विचारायचा आणि उत्तर तृतीय पुरुषात उतरवायचा: 'पहिल्या मुद्द्यावर हा साक्षीदार सांगतो की…' सुरुवातीला नाव, गाव, धंदा आणि 'अंदाजे' वय. वॉपिंग, लाइमहाऊस, रॅटक्लिफ, रॉदरहाइथ ही थेम्सकाठची वस्तीची नावं या कागदांत सतत येतात.

तेव्हा शब्द साक्षीदाराचेच असतात, पण कारकुनाच्या साच्यातून गाळून आलेले. 'सदर', 'उपरोक्त' ही भर कारकुनाची. मात्र पाणी किती बोटं चढलं, कोणता सांधा सुटला, कोण कुठे उभं होतं, हा तपशील कारकुनाच्या डोक्यातून येऊ शकत नाही. जबानी वाचताना मी आधी असा तपशील शोधतो.

लिहिता-वाचता न येणारा माणूस सही कशी करायचा?

फुली मारून, नावाचं आद्याक्षर काढून किंवा आपली ठरलेली खूण करून. त्याच शतकातले आपल्याकडचे महजर, म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्यांचे कागद, ज्यांनी पाहिलेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. पाटलाची निशाणी नांगर आणि बलुतेदारांची आपापली हत्यारं, तशीच ही रीत. निरक्षर आहे म्हणून साक्ष हलकी ठरत नसे.

फिलिप स्टाफ कोण होता?

इप्सविचचा सुतार. त्याच्याबद्दलची बहुतेक माहिती अबाकक प्रिकेट या सहप्रवाशाच्या लिखाणातून मिळते. प्रिकेट हा डिग्जचा नोकर, सफरीवर मालकाच्या वतीने गेलेला. हडसनने नंतर स्टाफला बढती देऊन आपला सहायक केलं असावं, अशी खलाशांत कुजबुज होती. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तो कप्तान नेईल तिकडे मुकाट जहाज नेईल, असं लोक म्हणत. स्टाफच्या पुढच्या वागण्याकडे पाहिलं तर मुकाट हा शब्द त्याला अजिबात शोभत नाही.

हडसन आणि सुतार यांचं भांडण कशावरून झालं?

बर्फात अडकल्यावर हडसनने किनाऱ्यावर एक घर बांधायला सांगितलं. स्टाफने नकार दिला: एवढ्या थंडीत आणि बर्फात हे काम होणार नाही. हे काम हिवाळा लागण्याआधी करायला हवं होतं, तेव्हा कप्तानाने ऐकलं नव्हतं, हे प्रिकेटनेच नोंदवलंय. हडसनने त्याला खोलीतून बाहेर ओढलं, मारलं, शिव्या दिल्या, फासावर देईन म्हणाला. सुताराचं उत्तर असं होतं की माझं काम काय हे तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, मी घरं बांधणारा सुतार नाही.

हा नुसता तोंडाळपणा नव्हता. जहाज बांधणं आणि घर बांधणं हे वेगळे धंदे होते, आणि सुतार जहाजावर चढला तो जहाजासाठी. ओलेरॉनच्या नियमांत कप्तानाचा पहिला तडाखा खलाशाने सोसावा असं आहे, त्यापुढे मात्र त्याला स्वतःचा बचाव करण्याची मुभा आहे. स्टाफने हात उचलला नाही, फक्त शब्दाने जागा दाखवली. नंतर घर बांधलं गेलं, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

पुढची साखळी बघण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी स्टाफ बंदूक घेऊन शिकारीला गेला आणि सोबत गेला हेन्री ग्रीन, हडसनचा तोवरचा लाडका. हडसन चिडला. मेलेल्या तोफजीचा गरम डगला त्याने ग्रीनला द्यायचं कबूल केलं होतं, तो रॉबर्ट बायलॉट या दुसऱ्या खलाशाला देऊन टाकला. ग्रीन तिथून फिरला, आणि बंडाचा म्होरक्या झाला. म्हणजे सुताराच्या बाजूने उभं राहण्यातून ग्रीन कप्तानाचा शत्रू झाला, आणि ज्याला कप्तानाने मारलं तो सुतार शेवटी कप्तानाच्या बाजूला उभा राहिला.

बंडाच्या सकाळी स्टाफने काय केलं?

प्रिकेटच्या सांगण्यानुसार त्याला कोणी बांधलं नव्हतं. त्याने बंडखोरांना विचारलं, घरी गेल्यावर फासावर चढायचंय का तुम्हाला? मग म्हणाला, जबरदस्तीने ठेवल्याशिवाय मी या जहाजावर राहणार नाही. जा म्हणाले. त्याने अट घातली: माझी पेटी आणि तिच्यातलं सगळं मला हवं. पेटी मिळाली. प्रिकेटने त्याला थांबवण्याचा प्रयत्न केला, पण तो थांबला नाही. बंदूक, दारूगोळा, काही भाले, एक लोखंडी भांडं आणि थोडं पीठ एवढं मचव्यात गेलं.

त्या पेटीकडे दुर्लक्ष होऊ नये असं मला वाटतं. सुताराच्या पेटीत हत्यारं असतात. नऊ माणसं, त्यांतली काही आजारी, ओसाड किनाऱ्यावर उतरणार, तर निवारा, सरपण, मचव्याची डागडुजी सगळं त्या पेटीवर अवलंबून. फक्त निष्ठेपोटी मरायला निघालेला माणूस पेटीची अट कशाला घालेल? आपण जगवू शकतो या हिशेबाने तो उतरला, असं मी मानतो.

मग कोर्टात त्याच्याबद्दल कोणी साक्ष दिली?

जानेवारी १६१२ मध्ये अ‍ॅडमिरल्टीत जहाजाचा शल्यविशारद एडवर्ड विल्सन याची जबानी झाली. पोर्ट्समथचा, वय २२. स्टाफला जहाजावर राहता आलं असतं, पण कप्तानावरच्या प्रेमापोटी तो आपल्या खुशीने मचव्यात गेला, कपडे मिळावेत एवढी अट घालून, असं त्याने सांगितलं.

प्रिकेट म्हणतो पेटी, विल्सन म्हणतो कपडे. अशा किरकोळ फरकामुळे दोघांनी ठरवून सांगितलं नसावं असं वाटतं, आणि सुतार आपणहून गेला या मुख्य गोष्टीवर विश्वास बसतो. पण 'खुशीने' हा शब्द बोलणाऱ्यांच्या सोयीचा आहे हेही खरं. खुशीने गेलेल्या माणसाच्या मरणाचा दोष कोणावर येत नाही.

स्टाफची स्वतःची एकही साक्ष उरलेली नाही का?

एक उरली आहे, आणि या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत मोलाचा कागद आहे. थॉमस वुडहाऊस हा गणित जाणणारा तरुण सफरीवर होता. त्याच्या मेजात एक टिपण सापडलं. १० सप्टेंबर १६१० ला, म्हणजे बंडाच्या नऊ महिने आधी, हडसनने जहाजावरच चौकशी भरवली होती, त्याची ही नोंद. आरोपी रॉबर्ट ज्युएट. तेव्हा फिलिप स्टाफ आणि अर्नोल्ड लडलो यांनी बायबलवर शपथ घेऊन, ज्युएटच्या तोंडावर सांगितलं की हा आम्हाला तलवारी जवळ ठेवायला आणि बंदुका भरून ठेवायला सांगत होता, सफर संपण्याआधी त्यांची गरज पडेल म्हणून. ज्युएटला सहायकाच्या पदावरून काढलं आणि त्याच्या जागी बायलॉट आला.

आता मचव्यातली नावं पाहा. स्टाफ मचव्यात. लडलो मचव्यात. टिपण लिहिणारा वुडहाऊसही मचव्यात. ज्युएट जहाजावर. साक्षीदारांनाच नाहीसं करणाऱ्या गुन्हेगारांबद्दल १५३६ च्या कायद्यात जे लिहिलंय, ते इथे जवळजवळ जसंच्या तसं घडलं. स्टाफ आपणहून उतरला हे धरलं, तरी ज्युएट मोकळा फिरत असलेल्या जहाजावर मागे राहून त्याला किती दिवस मिळाले असते, हा प्रश्न उरतोच.

प्रिकेटच्या लिखाणावर कितपत विश्वास ठेवावा?

जपून. गळ्याशी फास असताना लिहिलेलं आहे ते. त्याच्या गोष्टीत सगळे दोषी मेलेले आहेत: ग्रीन, विल्यम विल्सन, ज्युएट. जिवंत उरलेले सगळे लंगडे, झोपलेले किंवा समजूत घालणारे. हडसनच्या दैनंदिनीचा जो भाग उरलाय तो ३ ऑगस्ट १६१० ला, म्हणजे भांडणं पेटण्याच्या आधीच थांबतो. त्यामुळे भांडणांबद्दल पडताळायला हडसनचा स्वतःचा आवाज नाही. पण सुताराचं उर्मट उत्तर किंवा पेटीची मागणी यांतून प्रिकेटचा काहीच फायदा नव्हता. उलट, जहाजावरच्या एका शहाण्या माणसाने बंडखोरांबरोबर राहण्यापेक्षा मचवा पत्करला, ही गोष्ट प्रिकेटला लाज आणणारी आहे. तरी त्याने ती लिहिली. म्हणून ती मी खरी धरतो.

स्टाफ जिवंत परतून कोर्टात उभा राहिला असता तर काय कळलं असतं?

अन्नाचं. बंडखोरांचं म्हणणं होतं की चौदा दिवसांचंही अन्न उरलं नव्हतं आणि हडसन ते लपवत होता. मचवा सुटल्यावर हडसनच्या खोलीत २०० बिस्किटं, थोडं पीठ आणि बिअरचं पिंप मिळालं, आणि तळात पीठ, लोणी, डुकराचं मांस, वाटाणे. हे लपवलेलं होतं की परतीसाठी राखलेलं? जहाजाचा कोपरान् कोपरा माहीत असलेल्या सुताराने ते सांगितलं असतं. जहाज परतीच्या प्रवासाला कितपत टिकेल याचा अंदाजही त्याचाच खरा होता.

निकाल काय लागला?

१६११ च्या ऑक्टोबरमध्येच ट्रिनिटी हाऊस या दर्यावर्दींच्या संस्थेतल्या जाणत्यांनी चौकशी करून मत दिलं होतं की हे लोक फाशीलाच पात्र आहेत. प्रत्यक्ष खटला उभा राहिला १६१८ मध्ये. प्रिकेट आणि एडवर्ड विल्सन यांच्यासह आरोपींवर ठपका होता तो हडसन आणि इतरांना अन्नवस्त्राविना मचव्यात घालून त्यांचा मृत्यू घडवल्याचा. ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं.

मधल्या काळात काय झालं ते पाहिलं की या निकालाचं फारसं आश्चर्य वाटत नाही. बायलॉट आणि प्रिकेट १६१२ मध्येच थॉमस बटनबरोबर त्याच उपसागरात परत पाठवले गेले. १६१५ आणि १६१६ मध्ये बायलॉट पुन्हा 'डिस्कव्हरी'चाच कप्तान होऊन विल्यम बॅफिनला घेऊन उत्तरेला गेला. त्या पाण्याची वाट ठाऊक असलेली माणसं व्यापाऱ्यांना हवी होती. मचव्यातल्या माणसांच्या बाजूने बोलायला मात्र कोर्टात कोणी नव्हतं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

मचव्यातल्या लोकांचं पुढे काय झालं?

त्यांचा खात्रीचा मागमूस लागलेला नाही. १६३१-३२ च्या सफरीत कॅप्टन थॉमस जेम्सला त्याच भागातल्या एका बेटावर जमिनीत रोवलेले, लोखंडी हत्याराने टोक काढलेले खुंट दिसले. ते स्टाफच्या कुऱ्हाडीचे होते असं म्हणायचा मोह होतो. पुरावा नाही.

काही ठिकाणी विल्सनच्या जबानीचं साल १६११ दिसतं, ते का?

तेव्हा इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, आणि १७५२ पर्यंत तसंच चाललं. त्यामुळे जानेवारीतल्या कागदावर जुनंच साल असतं.

या कोर्टाचा मुंबईशी काही संबंध आहे का?

आहे. दुसऱ्या चार्ल्सने १६८३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला अशी कोर्टं स्थापण्याची सनद दिली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत अ‍ॅडमिरल्टी कोर्ट सुरू झालं. त्याचा न्यायाधीश म्हणून रोमन कायद्याचे जाणकार डॉ. जॉन सेंट जॉन इंग्लंडहून आले. आज मुंबई उच्च न्यायालय सागरी दावे चालवतं ते २०१७ च्या भारतीय कायद्याखाली. त्याआधी १८४०, १८६१ आणि १८९० चे ब्रिटिश कायदेच लागू होते. थकलेल्या पगारासाठी खलाशाला जहाजावरच हक्क सांगता येतो आणि त्या दाव्याला अग्रक्रम मिळतो, ही तरतूद नव्या कायद्यात कायम आहे. कोकणातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी बोटीवर असतं, त्यांना हे माहीत असायला हवं.

हे जुने कागद वाचायला मिळतात का?

अ‍ॅडमिरल्टीच्या जबान्यांचे जाडजूड खंड लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. 'मरिनलाइव्ह्ज' या प्रकल्पात स्वयंसेवक सतराव्या शतकाच्या मध्यातल्या अशा जबान्या वाचून ऑनलाइन उतरवून ठेवतात. अक्षर वळणदार आणि अवघड, पण साचा ठरलेला असल्यामुळे दहा-बारा पानांनंतर नजर बसते. शोधताना धंद्याच्या रकान्यात सुतार दिसला की थांबा, पाणी मोजल्याचा उल्लेख बहुतेक वेळा त्याच जबानीत मिळतो.